हिरकणीची वाट आणि पाण्याची वाट

२६ मे २०२५, सोमवार. सकाळपासून पावसाने नुसतं झोडपून काढलं होतं. मे महिन्यात मुंबईत मोसमी पाऊस! इतक्या लवकर तो पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता म्हणे. आमची नात वरळी नाक्याजवळ नोकरीला. विठ्ठलवाडीहून लोकलने दादर आणि पुढे नवी भुयारी मेट्रो, असा तिचा रस्ता. तिचा फोन आला, "आज्जी, मी ठीक आहे, तू टीव्ही लावू नकोस." असं म्हटल्यावर कोण लावणार नाही? आचार्य अत्रे चौक स्थानकाच्या फलाटावर गढूळ पाणी पसरलं होतं. स्थानक प्रवाशांना खुलं होऊन सोळा दिवस झाले होते. (अत्र्यांच्या नावाचं स्थानक! ते असते तर 'मराठा'त काय अग्रलेख पडला असता!) गाड्या वरळीपर्यंतच ठेवल्या.

कारण नंतर कळलं. स्थानकाचा एक येण्याजाण्याचा मार्ग अजून बांधून व्हायचा होता, आणि तिथे पाणी अडवायची भिंत कोसळली.

शाळेत मी इतिहास शिकवायची. रायगडाचा धडा आला की हिरकणीची गोष्ट सांगायची. दंतकथाच ती, पण मुलं कान टवकारून ऐकत. गडाचे दरवाजे बंद, पहारे चोख, आणि एक बाई तान्ह्या बाळासाठी कडा उतरून घरी जाते. महाराज तिचं कौतुक करतात आणि त्याच जागी बुरूज बांधतात. भुयारी रेल्वेचं असंच आहे. पाणी येतं ते बहुधा छत फोडून नाही. जिना, हवा खेळायचं धुराडं, यार्डातून बोगद्यात शिरणारा रूळ, अशा आपणच ठेवलेल्या वाटांनी ते येतं.

बँकॉक आपल्यासारखंच सखल. तिथली भुयारी रेल्वे २००४ मध्ये सुरू झाली. स्थानकात शिरताना आधी मीटरभर पायऱ्या चढायच्या आणि मग खाली उतरायचं. २०११ च्या महापुरात शहराचे मोठे भाग पाण्यात होते, तरी भुयारातल्या गाड्या चालू राहिल्या. म्हणजे काय, तर उंबरठा! आपल्या आज्ज्यापणज्यांना ठाऊक असलेली गोष्ट.

लंडनवाल्यांची धास्ती वेगळी होती. थेम्स नदीखालच्या बोगद्यावर बॉम्ब पडला तर सगळी नदीच आत. १९३८ मध्ये युद्धाचे ढग दिसताच त्यांनी तिथे चक्क काँक्रीटची बुचं मारली, आणि पुढे विजेवर सरकणारे लोखंडी दरवाजे बसवले.

चीनमधल्या चंगचौचं मात्र वाचवत नाही. २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटरच्या हिशोबाने बांधलेली, यावरून अंदाज करा. गाड्या उभ्या करायच्या यार्डाची भिंत पडली, पाणी रुळांवरून बोगद्यात शिरलं. अडकलेल्या गाडीतली १४ माणसं गेली. चौकशीत निघालं की यार्ड ठरल्यापेक्षा खालच्या पातळीवर बांधलं होतं. पाऊस विक्रमी होता हे खरं, पण माझ्या मते तेवढं म्हणून सुटका होत नाही. आपल्याकडेही सोळा दिवस थांबून भिंत पुरी केली असती तर काय बिघडलं असतं?

हे मी तावातावाने लिहिते आहे, कारण २६ जुलै २००५ आम्ही इथेच, कॅम्प ४ मध्ये काढला. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३, हे आकडे आता पाठ झालेत. वालधुनी फुगली आणि नाले उलटे फिरले. आम्ही बेफिकीर, कारण दोनच वर्षांपूर्वी पुढच्या दाराचा उंबरठा वीतभर उंच करून घेतला होता. ह्यांनी वर गोणपाटही दाबलं. पाणी आलं ते मागून, मोरीच्या भोकातून! बुडबुडे येताना मी ऐकले, वाटलं धाकटीने बादली उपडी केली. तासाभरात पलंगाखालची पेटी भिजली. तिच्यात माझ्या वर्गांचे तीस वर्षांचे फोटो होते. चिकटलेले सोडवायला गेले तर चेहरेच निघून आले.

आणखी एक. आमच्या दारासमोरचा रस्ता दर काही वर्षांनी डांबराचे थर चढून वर येतो. वीतभर उंबरठा आज चार बोटं उरलाय. मेट्रोच्या त्या चढत्या पायऱ्यांचंही मोजमाप रस्त्यापासूनच धरायचं ना? मग रस्ता वर आला की पायरी खाली गेली, हे कोणी वहीत लिहून ठेवतं का, देव जाणे.

९ ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो पार कफ परेडपर्यंत धावू लागली. नात रोज अत्रे चौकात उतरते. तिला म्हटलं, बाहेरून आत शिरताना आधी किती पायऱ्या चढतेस ते मोजून सांग. "आज्जी, सकाळी पायऱ्या कोण मोजतं!" म्हणाली. असो. मोरीचं बूच मात्र ती दर जूनला न सांगता बसवते.