रिकामी डबी

इतिहासाच्या अभ्यासकाचा एक चमत्कारिक दैवयोग असा आहे कीं, लोकांनीं जें आवडीनें वापरून संपविलें तें त्याच्या हातीं फारसें येत नाहीं. जें उरलें, फेकलें किंवा विसरलें गेलें, तेंच त्याला सांपडतें. मुखलेप, अंजन, उटणें इत्यादि प्रसाधनांच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. घरोघरीं आरशापुढील फळीवर कांहीं डब्या तळापर्यंत खरवडल्या जातात आणि कांहीं अर्ध्यावरच धूळ खात पडतात. कोणती डबी संपते, कोणती उरते, आणि संपली म्हणजे ती वस्तु चांगलीच होती असें म्हणतां येईल काय, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण त्याचा पाठपुरावा केला तर तो आपल्याला दोन हजार वर्षें मागें घेऊन जातो.

२००३ सालीं लंडनमधील साउथवार्क भागांत, रोमन काळच्या एका देवालयाच्या आवारांत उत्खनन चालू असतां, कथलाची एक लहानशी गोल डबी सांपडली. तिचा काळ इसवी सनाचें दुसरें शतक व व्यास सुमारें सहा सेंटिमीटर. झांकण इतकें घट्ट बसलें होतें कीं, तें काढतांच आंतील पांढरा लेप अजून मऊ असल्याचें आढळलें, आणि कोणाच्या तरी बोटांच्या खुणाहि त्यांत स्पष्ट दिसत होत्या. ब्रिस्टल विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञांनीं केलेलें या लेपाचें पृथक्करण २००४ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. त्यांत मुख्यतः तीन पदार्थ होते : जनावराची चरबी, पिष्ट, आणि पांढऱ्या रंगाकरितां घातलेलें कथलाचें ऑक्साइड. त्याच कृतीनें त्यांनीं नवा लेप करून पाहिला, तेव्हां चरबीचा तेलकटपणा पिष्टामुळें मोडतो व कातडीला मऊ भुकटीसारखा स्पर्श येतो, असें दिसून आलें.

यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट कथलाची. चेहरा गोरा दिसावा म्हणून त्या काळीं सर्रास वापरला जाई तो शिशापासून केलेला सफेता. त्याचा अपाय रोमन लोकांस अगदींच अज्ञात होता असें नाहीं. व्हिट्रुव्हियस या स्थापत्यकारानें इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत, पाणी शिशाच्या नळांतून आणूं नये, कारण ज्यापासून सफेता होतो तें शिसें शरीरास घातक आहे, असें लिहून ठेविलें होतें. कथल हें त्या मानानें निरुपद्रवी. साउथवार्कच्या त्या लेपकारानें तें जाणूनबुजून निवडलें असो वा सहज मिळालें म्हणून घेतलें असो, त्याचा लेप शिशाच्या लेपाहून बरा होता, यांत शंका नाहीं.

पण ज्ञान झालें म्हणून आचरण सुधारतें असें थोडेंच आहे ! व्हिट्रुव्हियसनंतर सतराशेंहून अधिक वर्षांनीं इंग्लंडांतील उमरावांच्या स्त्रिया सफेत्यानेंच तोंड रंगवीत होत्या. कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया, आपल्या काळची नांवाजलेली लावण्यवती, १७६० सालीं वयाच्या २७ व्या वर्षीं वारली, आणि तिच्या मृत्यूचा दोष या लेपाकडे देण्यांत येतो. शिशाचा गुणच असा कीं, त्यानें कातडी बिघडते. बिघडलेली कातडी झांकण्यास अधिक लेप लागतो. आणि डबी भराभर रिकामी होते. तेव्हां डबी संपणें हा गुणाचा पुरावा नव्हे. कित्येकदां तो व्यसनाचा पुरावा असतो.

याच्या उलट उदाहरण कोल्ड क्रीमचें. याचें जनकत्व दुसऱ्या शतकांतील पर्गममच्या गेलन या वैद्याकडे परंपरेनें जातें. मधमाशांचें मेण तेलांत वितळवावयाचें, आणि घोटतां घोटतां त्यांत मावेल तेवढें पाणी जिरवावयाचें, ही त्याची मूळ कृति. अंगावरील पाणी उडून जातांना गारवा वाटतो, म्हणून त्यास ‘थंड’ हें नांव. परंतु हा लेप फार दिवस टिकत नसे. तेल खवट होई, पाणी सुटून निराळें पडे. म्हणून तो थोडा करावा, ताजा करावा व लवकर संपवावा, हीच रीत होती. पुढें एकोणिसाव्या शतकांत टांकणखार घालण्याची युक्ति निघाली. त्याचा मेणांतील आम्लाशीं संयोग होऊन साबणासारखा पदार्थ बनतो व तेल-पाणी एकजीव राहतें. वनस्पतींच्या तेलाच्या जागीं न खवटणारें खनिज तेलहि आलें. लेप टिकाऊ झाला आणि संपविण्याची निकड नाहींशी झाली. फळीवरील अर्धवट डबी ही या टिकाऊपणाचीच संतति होय.

आपल्या उटण्यानें हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला होता. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, चंदन हीं द्रव्यें वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून ठेवावयाचीं. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे लागेल तेवढीच पूड वाटींत घेऊन तेलांत किंवा दुधांत कालवावयाची. साठवण कोरडी, कालवण ताजें. अभ्यंग आटोपेपर्यंत वाटी रिकामी होते. शास्त्रग्रंथांतील वैभव अर्थात् निराळें. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या गंधयुक्ति प्रकरणांत सोळा द्रव्यांपैकीं चार-चार निरनिराळ्या प्रमाणांत घेऊन १,७४,७२० सुगंध होतात, असा हिशेब मांडला. आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत मानसोल्लासांत विलेपनाला राजाच्या उपभोगांत स्थान दिलें. राजवाड्यास हें शोभे; गृहस्थाच्या घराचें पांच-सहा द्रव्यांवर भागत असे.

तयार डबी मध्यमवर्गाच्या घरांत शिरली ती विसाव्या शतकांत. १९१९ सालीं मुंबईंत पाटणवाला यांनीं ‘अफगाण स्नो’ काढला, आणि विलायती स्नोच्या शेजारीं देशी डबी आली. त्यानंतर दुकानें अशा डब्यांनीं भरून गेलीं. कायदा मात्र सावकाश चालला : १९४० च्या औषधांसंबंधींच्या कायद्याच्या कक्षेंत प्रसाधनें आलीं तीं १९६२ च्या दुरुस्तीनें. आज घरांतल्या फळीवर जी गर्दी दिसते ती पाहून वराहमिहिराच्या गणिताची आठवण व्हावी. राजवाड्याचें वैपुल्य आपल्या घरीं आलें; राजवाड्याचे सेवक तेवढे आले नाहींत.

सारांश, प्रसाधनाची परीक्षा दुहेरी आहे. पहिला प्रश्न, आंत काय आहे ? दुसरा, तें तळापर्यंत जातें काय ? सफेता दुसऱ्या परीक्षेंत उतरला, पहिलींत नापास झाला. आजच्या कित्येक महाग डब्या पहिलींत उतरतात व दुसरींत फसतात. ज्या दोहोंतहि उतरल्या त्या बहुधा साध्या, थोड्या घटकांच्या, आणि ज्याची त्याला गरज ठाऊक असलेल्या अशा आहेत. त्यांची रिकामी डबी कोणी जपून ठेवीत नाहीं आणि पुराणवस्तुसंग्रहालयाच्या कपाटांतहि ती क्वचितच जाते. परंतु नवी डबी उघडण्यापूर्वीं जुनीचा तळ पाहण्याची संवय ज्या घरांत आहे, त्या घरांत पैसा वांचतोच. शिवाय आपल्याला खरोखर काय हवें होतें याचें ज्ञानहि होतें, आणि तें विकत मिळत नाहीं.