आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजी: एका पदवीची कुळकथा

‘आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजी’ या नावात एकाच कुळातले दोन शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. ग्रीक भाषेत ‘टेक्टॉन’ म्हणजे सुतार आणि ‘आर्खि’ म्हणजे मुख्य. त्यांचा ‘आर्खिटेक्टॉन’ हा मुळात सुतार-गवंड्यांवरचा मुकादम. ‘टेक्नॉलॉजी’तला ‘टेख्ने’ म्हणजे हातचे कसब, तोही त्याच मुळातून फुटलेला. संस्कृतातला ‘तक्षन्’ हा त्यांचा चुलतभाऊ. ऋग्वेदात सुताराला हाच शब्द आहे. तेव्हा पदवीच्या नावाचा शब्दशः अर्थ लावला, तर तो ‘मुख्य सुताराचे सुतारकाम’ असाच काहीसा होईल. मुख्य सुताराला सुतारकामाची वेगळी पदवी का लागली, हे समजण्यासाठी ब्रिटनमध्ये वास्तुविशारद कसे घडत गेले ते पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकात तिथे वास्तुविशारद होण्याचा रस्ता उमेदवारीचा होता. मुलाच्या घरच्यांनी नावाजलेल्या माणसाला ठरलेली रक्कम मोजायची, करार करायचा आणि मुलाने काही वर्षे त्याच्या कचेरीत नकाशे उतरवायचे, जुन्या चर्चची मापे घ्यायची, साइटवर फिरायचे. कादंबरीकार म्हणून पुढे जगभर गाजलेला थॉमस हार्डी १८५६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, डॉर्चेस्टरच्या जॉन हिक्स यांच्याकडे असाच उमेदवार म्हणून लागला. गुरू चांगला भेटला तर विद्या मिळे, नाहीतर नुसतीच फुकटची राबणूक. डिकन्सने ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत उभा केलेला पेक्सनिफ हा दुसऱ्या जातीचा गुरू, शिष्यांकडून पैसेही घ्यायचे आणि त्यांची कामे आपल्या नावावरही खपवायची.

या पद्धतीला कंटाळलेल्या तरुणांनीच १८४७ मध्ये लंडनमध्ये ‘आर्किटेक्चरल असोसिएशन’ काढली आणि संध्याकाळी जमून एकमेकांना शिकवायला सुरुवात केली. वास्तुविशारदांची मुख्य संस्था, म्हणजे १८३४ मध्ये स्थापन झालेली आरआयबीए, सावकाश हलली. तिने १८८२ पासून सभासदत्वासाठी परीक्षा सक्तीची केली. पुढे १९३१ आणि १९३८ च्या कायद्यांनी ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणी झालेल्यांपुरते राखून ठेवले. कायद्याने राखले ते बिरुद. घराचा नकाशा काढण्याचे काम कोणीही करावे, त्याला आडकाठी नव्हती. या कथेतला हा बारकावा शेवटपर्यंत कामाला येतो.

कचेरीत मात्र बिरुदवाल्यांपेक्षा बिरुद नसलेले अधिक होते. ड्राफ्ट्समन, असिस्टंट, नकाशावर पातळ कागद ठेवून रेघ न् रेघ उतरवणारे ट्रेसर. महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यात यांनाच आरेखक आणि अनुरेखक म्हणतात. दिवसा नोकरी, रात्री टेक्निकल कॉलेजात बांधकामाचे प्रमाणपत्र, हे त्यांचे शिक्षण. इमारत कशी दिसावी हे वरच्यांनी ठरवायचे. खिडकी भिंतीत कशी बसेल, पाणी कुठून आत शिरेल, हे बहुधा यांच्या टेबलावर ठरे.

१९५८ साली ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात वास्तुशिक्षणावर परिषद भरली. माणसे जेमतेम पन्नास, पण तिने रस्ता बदलला. वास्तुविशारद लेस्ली मार्टिन हे तिच्यामागचे प्रमुख नाव. उमेदवारी आणि अर्धवेळ शिक्षण बंद करावे, प्रवेशाची पात्रता वाढवावी, वास्तुविशारद विद्यापीठात पूर्णवेळ शिकावा, असा तिचा कौल पडला. धंद्याची प्रतिष्ठा त्याने वाढली यात शंका नाही. पण कचेरीत बसून हाताने शिकणारा जो वर्ग होता, त्याच्या डोक्यावरची वरची पायरीच काढली गेली. त्याच्यासाठी वेगळे प्रशिक्षण असावे, हा विचारही परिषदेतच पुढे आला. म्हणजे या शाखेचा जन्म एका दरीतून झाला, आणि ती दरी खुद्द वास्तुविशारदांनी पाडलेली होती.

आरआयबीएने १९६२ मध्ये ‘आर्किटेक्ट अँड हिज ऑफिस’ हा अहवाल काढला. कचेऱ्यांच्या त्या पाहणीत प्रशिक्षित तंत्रज्ञांची गरज स्पष्टपणे मांडली गेली. त्यातूनच १९६५ मध्ये तंत्रज्ञांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘साट’ म्हणत. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्ससाठी राष्ट्रीय बांधकाम नियम जारी झाले. तोवर गावोगावच्या पालिकांचे आपापले उपनियम होते. आतल्या लंडनने आपले वेगळे नियम पुढेही बरीच वर्षे टिकवले, पण बाकी सगळीकडे एकच नियमावली वाचता येणारा माणूस आता कचेरीला हवा होता.

या माणसाचे काम नेमके कोणते, हे एका भिंतीवरून कळते. इंग्लंडमधली नेहमीची विटांची भिंत दुपदरी असते: बाहेर १०२.५ मिमी जाडीची वीट, आत ब्लॉक, आणि दोहोंत जुन्या रिवाजाने ५० मिमी पोकळी. बाहेरच्या विटेत मुरलेले पाणी पोकळीतून खाली उतरावे आणि आतली बाजू कोरडी राहावी, हा हेतू. हीच भिंत १:१०० प्रमाणाच्या नकाशावर आली की पोकळी उरते अर्धा मिलिमीटर, म्हणजे ०.५ च्या रोट्रिंग पेनने ओढलेली एक रेघ. तेवढ्यात काय दाखवणार? म्हणून १:५ चा तपशील काढायचा; तिथे पोकळी एक सेंटिमीटर होते आणि खरे प्रश्न दिसू लागतात. दोन पदरांना जोडणारी धातूची पट्टी कुठे बसवायची? गवंड्याच्या थापीतून पडलेला मसाला त्या पट्टीवर साचला, तर त्यावरून ओल चालत आतल्या पदरावर येईल, ती कशी थोपवायची? ओल अडवणारा थर, म्हणजे डीपीसी, जमिनीपासून किमान १५० मिमी वर आहे ना? खिडकीच्या चौकटीच्या डोक्यावर आलेले पाणी बाहेर कुठून सोडायचे? स्पर्धेत बक्षीस मिळवणाऱ्या सुंदर चित्रात यातले काहीही दिसत नाही. चार पावसाळ्यांनी भिंतीवर दिसते.

सांध्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचा धडा लंडनच्या न्यूहॅम भागात मिळाला. रोनान पॉइंट हा बावीस मजली टॉवर कारखान्यात ओतलेली काँक्रीटची तयार पॅनेले एकमेकांवर रचून उभारला होता. १६ मे १९६८ रोजी पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, पण त्याने कोपऱ्याची भिंत बाहेर ढकलली. वरचे मजले आधार सुटून खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचेही ढासळले. चौघांचा जीव गेला. लोक राहायला येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. इमारत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली गेली. १९८६ मध्ये ती मजल्यामजल्याने उतरवली, तेव्हा कित्येक सांध्यांत मसाला नीट भरलेलाच नव्हता. काही ठिकाणी वर्तमानपत्रांचे बोळे निघाले. नकाशावरचा सांधा आणि हातून झालेला सांधा यांत इतके अंतर होते.

त्याच १९८६ मध्ये ‘साट’ने नाव बदलून ‘ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्चरल टेक्निशियन्स’ घेतले. १९९४ मध्ये ‘टेक्निशियन्स’चे ‘टेक्नॉलॉजिस्ट्स’ झाले. बदल दोन-तीन अक्षरांचा, पण मानाचा. टेक्निशियन सांगितलेले करतो, टेक्नॉलॉजिस्ट ठरवतो, असा त्यातला दावा. त्याला पदवीचे पाठबळ वेळेवर मिळाले. १९९२ च्या कायद्याने ब्रिटनमधली पॉलिटेक्निके विद्यापीठे झाली आणि तिथल्या डिप्लोमांच्या जोडीला बीएस्सी पदव्या येऊ लागल्या. २००० साली ब्रिटनच्या उच्चशिक्षण गुणवत्ता संस्थेने या विषयाचा स्वतंत्र मापदंड प्रसिद्ध केला. विद्यापीठांच्या जगात ही वेगळी शाखा असल्याची ती नोंदच. २००५ मध्ये टेक्नॉलॉजिस्टांच्या संस्थेला रॉयल चार्टर, म्हणजे राजाची सनद, मिळाली आणि तिचे सभासद ‘चार्टर्ड’ झाले.

इंग्लंडमध्ये ही पदवी सहसा तीन वर्षांची असते. मधले एक वर्ष कचेरीत काढले तर चार. बांधकामाचे तंत्र, इमारतीतली उष्णता आणि बाष्प यांचे भौतिकशास्त्र, नियमावली, करार, आणि आता संगणकावर अख्खी इमारत आधी उभारून पाहण्याचे बिम. हे बिम ब्रिटनच्या सरकारी कामांत एप्रिल २०१६ पासून अपेक्षित झाले आणि या पदवीधरांची मागणी वाढली. मधले ते कचेरीतले वर्ष पाहिले की १९५८ मध्ये दारातून घालवलेली उमेदवारी खिडकीतून परत आली असेच म्हणावे लागते. डेन्मार्कने आपल्या ‘बिग्निंग्सकॉन्स्ट्रुक्टर’ या साडेतीन वर्षांच्या पदवीचे इंग्रजी नाव करताना आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजीला बांधकाम व्यवस्थापनाची जोड दिली.

मुंबईत गंगा उलटी वाहिली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९६ साली सुरू झाला तो वर्ग ड्राफ्ट्समनांचा होता. त्याच वर्गातून पुढे वास्तुविद्येचा विभाग वाढला. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये काढलेल्या मंडळाचीच १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. थोडक्यात, इथे आरेखकाच्या पोटी वास्तुविशारद जन्मला. नंतर मात्र वाटा फुटल्या: एकीकडे पाच वर्षांचे बी.आर्क., दुसरीकडे आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल. उत्तरेतल्या काही पॉलिटेक्निकांत ‘आर्किटेक्चरल असिस्टंटशिप’ हा तीन वर्षांचा डिप्लोमाही आहे. पण ब्रिटनसारखे, या मधल्या पायरीला सनद देणारे मंडळ भारतात नाही. १९७२ चा आर्किटेक्ट्स कायदा इथेही बिरुदच राखतो. १७ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच स्पष्ट केले: नोंदणी नसलेल्याने स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेण्यास या कायद्याने बंदी आहे, ते काम करण्यास नाही.