वेष्टन-कचऱ्याचे वर्गीकरण : मूल्यमापन

वेष्टनांच्या (पॅकेजिंगच्या) कचऱ्यातून काच, धातू, कागद, प्लास्टिक इ. पदार्थ पुनश्चक्रण-कारखाना किती पूर्णतेने व किती शुद्ध स्वरूपात विलग करतो, हे ठरविण्याची पद्धती. जर्मनीच्या १९९१ च्या अध्यादेशाने वापरलेली वेष्टने परत घेण्याची जबाबदारी उत्पादक व विक्रेत्यांवर टाकली, आणि यूरोपीय संघाच्या १९९४ च्या निदेशाने सदस्य राष्ट्रांना पुनश्चक्रणाची उद्दिष्टे लागू केली, तेव्हापासून अशा मापनास कायदेशीर महत्त्व प्राप्त झाले.

मूल्यमापनाची प्रमुख परिमाणे दोन : विलग झालेल्या राशीतील इष्ट पदार्थाचे वजनी प्रमाण म्हणजे ‘शुद्धता’, आणि आवक कचऱ्यातील इष्ट पदार्थापैकी त्या राशीत उतरलेला अंश म्हणजे ‘प्राप्ती’. ही दोन्ही बहुधा परस्परविरोधी असल्याने एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी आवक, प्रत्येक विलग राशी व उर्वरित कचरा यांचे प्रातिनिधिक नमुने हाताने निवडून तोलतात व वस्तुमानाचा ताळेबंद मांडतात (→ नमुना निवड). ओलावा, चिकटलेले अन्नकण, बहुस्तरी पापुद्रे आणि अवरक्त संवेदकांना न ओळखता येणारे काजळीयुक्त काळे प्लास्टिक यांमुळे शुद्धता वा प्राप्ती घटते (→ अवरक्त प्रारण).

यूरोपीय संघाच्या या निदेशाच्या २०१८ च्या दुरुस्तीनुसार एकूण वेष्टन-कचऱ्याच्या पुनश्चक्रणाचे उद्दिष्ट २०२५ साठी ६५ टक्के व २०३० साठी ७० टक्के, तर प्लास्टिकचे अनुक्रमे ५० व ५५ टक्के आहे, आणि सर्वसाधारणतः वर्गीकरणानंतर प्रत्यक्ष पुनश्चक्रणप्रक्रियेत शिरणारे वजनच हिशेबात धरले जात असल्याने, वर्गीकरणातील प्रत्येक गळती राष्ट्रीय आकडेवारीत उमटते (→ प्लास्टिके, घनकचरा व्यवस्थापन).