विषारी रंग आणि तीन वर्षांचे प्रमाणपत्र
अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली. जुन्या भिंतींवरील रंग मात्र तसाच राहिला. तो काढताना कारागीर ज्वालेने जाळत किंवा कोरडाच घासत. विषारी धूळ घरभर पसरे. अशा कामानंतर मुलांच्या रक्तातील शिसे उलट वाढल्याचे बाल्टिमोरमधील संशोधनात आढळले. उपायच अपाय ठरला होता.

१९९२ च्या संघीय कायद्याने म्हणूनच या कामासाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र अनिवार्य केले. १९९६ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने नियम ठरवले आणि राज्यांना स्वतःची व्यवस्था उभारण्याची मुभा दिली. संघीय नियमांनुसार सामान्यतः दर तीन वर्षांनी उजळणी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. अडाणी हातांनी काढलेल्या विषाची किंमत आधी बालकांनी मोजली, नियम नंतर आले.