तारापूरचे कागद

तारापूर म्हटलें म्हणजे आज श्रोत्यांस अणुवीजकेंद्र आठवतें आणि बोईसर म्हटलें म्हणजे कारखाने. मराठी दप्तरांत मात्र तारापूरचें नांव येतें तें तोफांच्या धुरांतून. जानेवारी 1739 मध्यें चिमाजीअप्पांच्या फौजेनें फिरंग्यांचा हा किल्ला सुरुंग लावून व तटावर चढून घेतला. माहीमचें ठाणेंही त्याच महिन्यांत पडलें आणि मे महिन्यांत वसई हातीं आली.

लढाई संपली, पत्रें राहिलीं. वाङ्मयाच्या दृष्टीनें खरें मोल आहे तें या पत्रांचें. छावणींत मोडी लिपींत लिहिलेलें पत्र विरामचिन्हांवांचून, शब्द न तोडतां धांवत असतें. तथापि अर्थ कोठें अडखळत नाहीं. कोणता सुरुंग उडाला, तटावर प्रथम कोण चढलें, कोण पडलें, एवढेंच सांगावयाचें असतें. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घराण्याशीं त्यांचा जिव्हाळा होता. त्या वार्तेनें विजयाच्या पत्रांचाही स्वर एकाएकीं उतरतो. अलंकाराचा आधार न घेतां दुःख वाचणाऱ्यास भिडतें. शत्रूविषयीं लिहितांनाही लेखणी कोती झालेली नाहीं. किल्ल्यांतील शिबंदी शर्थीनें लढली, हें चिमाजीअप्पांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें. मराठी गद्य छापखान्याबरोबर जन्मास आलें, असें मानणारांनीं हीं पत्रें एकदां अवश्य वाचावीं. (लीळाचरित्र तर यांहून साडेचारशें वर्षांनीं जुनें!)

परंतु तीं वाचावयास मिळण्यास फार काळ लोटला. 1818 मध्यें पेशवाई बुडाली, दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें आणि एतद्देशीय संशोधकांस त्याचें दार दीर्घकाळ बंदच राहिलें. तेव्हां विश्वनाथ काशिनाथ राजवाडे घरोघरचे जीर्ण रुमाल धुंडाळीत हिंडले; त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड 1898 मध्यें निघाला. पाठोपाठ दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार छापला. सरकारी दप्तर उघडलें तें गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हातून. 1930 ते 1934 या काळांत त्यांनीं निवडक कागदांचे 45 भाग प्रसिद्ध केले. वसईच्या मोहिमेस त्यांत स्वतंत्र भाग मिळाला.

दुसऱ्या पक्षाचे कागद गोव्यास राहिले. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं तेथील दप्तर धुंडाळून पोर्तुगेज व मराठे यांचे संबंध उलगडून दाखविले. पणजीचे कागद पुण्याच्या कागदांशेजारीं ठेवून वाचल्यावांचून ही मोहीम पुरती कळावयाची नाहीं. कारण किल्ला घेणारा व किल्ला गमावणारा एकाच दिवसाची हकीकत एकाच शब्दांत कधींच लिहीत नाहींत.

तारापुरांत समुद्राकांठीं किल्ल्याचे तट अद्याप उभे आहेत. त्यांवर चढलेल्यांचीं नांवें पुण्याच्या दप्तरखान्यांत, मोडींत आहेत.