विजेच्या वाटा : मुळशी ते सौर वाहिनी

महाराष्ट्राच्या विजेचा इतिहास बहुधा वीजकेंद्रांच्या नावांनी सांगितला जातो. खोपोली, कोयना, कोराडी, चंद्रपूर, दाभोळ ही नावे आपल्याला पाठ असतात. परंतु वीज तयार करणे हे अर्धेच काम. ती कोणत्या वाटेने, कोणापर्यंत आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी न्यायची, हे ठरवणारे नियोजन या इतिहासात क्वचितच येते. वीज ही धान्यासारखी कोठारात भरून ठेवण्याची वस्तू नव्हे; ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी पुरवठा व्हावा लागतो. धरण, केंद्र आणि उच्चदाब वाहिनी उभारायला मात्र वर्षानुवर्षे लागतात. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनंतरच्या गरजेचा अंदाज आजच बांधावा लागतो. तो अंदाज बांधताना कोणाची गरज मोजली गेली आणि तो चुकला तेव्हा किंमत कोणी भरली, या अंगाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांकडे पाहिले तर आपल्या राज्याची एक वेगळीच कहाणी हाती लागते.

घाटमाथ्याचे पाणी

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. कोळसा दुरून येई, महाग पडे आणि शहरावर धुराचे छत धरी. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र पावसाळ्यात अफाट पाणी कोसळत होते. जमशेटजी टाटांनी ही कल्पना मनावर घेतली. १९०४ साली त्यांचे निधन झाल्यावर दोराबजींनी ती तडीस नेली. १९१० साली कंपनी स्थापन झाली आणि १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांतले पाणी नळांवाटे सुमारे सतराशे फूट खाली आणून त्यावर जनित्रे फिरवली गेली. १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा ही केंद्रे त्याच आखणीत पुढे आली.

ही योजना अभियांत्रिकीच्या दृष्टीने अत्यंत दूरदृष्टीची होती. पाऊस चार महिन्यांचा, गिरणी बारा महिन्यांची. म्हणून तलावांची साठवण उरलेल्या आठ महिन्यांच्या हिशेबाने आखलेली. पण नकाशावर पाहिले तर या जाळ्याला एकच टोक होते, ते म्हणजे मुंबई. ज्या मावळातून पाणी आणि जमीन घेतली, ते मावळ मागणीच्या हिशेबात कुठेच नव्हते.

मुळशीला त्याचाच जाब विचारला गेला. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ बांधायच्या धरणाखाली पन्नासहून अधिक गावांची भातखाचरे जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी; बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. खासगी कंपनीसाठी सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरावा काय, हा तिथला मूळ प्रश्न होता. जमिनीचा मालक एक आणि कसणारा दुसरा, अशी मावळातली स्थिती होती. मालक आणि सावकार यांच्यापैकी अनेकांना मोबदला पुरेसा वाटला, कुळाच्या हाती मात्र काहीच उरत नव्हते. लढ्यात फूट पडली ती याच रेषेवर. १९२४ अखेर सत्याग्रह संपला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण पुरे झाले.

कोयना : राज्याचे पहिले स्वप्न

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने चित्र बदलले. वीज हा शहरापुरता धंदा न राहता राज्याने आखायचा विषय ठरला आणि राज्याराज्यांत वीज मंडळे उभी राहिली. १९५४ साली कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले. १९६० साली मराठी राज्य आले, त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळही आले, आणि दोनच वर्षांत पोफळीला सह्याद्रीच्या पोटातले पहिले जनित्र फिरू लागले. राज्य आणि वीज यांची वाढ अशी हातात हात घालून झाली.

कोयनेचे वैशिष्ट्य तिच्या टप्प्यांत आहे. पहिल्या दोन टप्प्यांतून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीला अडवून त्यावर तिसरा टप्पा उभारला. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली जलाशयाच्या तळाखालून बोगदा भिडवण्याचा ‘लेक टॅपिंग’चा प्रयोग झाला. आज कोयनेची एकूण क्षमता १,९०० मेगावॉटहून अधिक आहे. पण तिचे पाणी मोजून मिळते. कृष्णेचे पाणी पूर्वेकडे जाणारे. ते कोकणात वळवून वीज करायची, तर खालच्या खोऱ्याचा हक्क कमी होतो. म्हणून बच्छावत लवादाने कोयनेच्या पश्चिम वळणावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पाणी ठरावीक असताना जनित्रे वाढवली, याचा अर्थ एकच : तेवढेच पाणी संध्याकाळच्या ऐन मागणीच्या तासांत जोराने वापरायचे. कोयना दिवसभर राबणारे केंद्र राहिली नाही. ती राज्याच्या अडीनडीची शिलकी गंगाजळी झाली.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. केंद्र बंद पडले आणि त्याचा फटका थेट मुंबईच्या उद्योगांना बसला. एकाच केंद्रावर आणि एकाच वाटेवर विसंबणे किती धोक्याचे, हा धडा त्या दिवशी मिळाला. दुसरा धडा शिकायला अधिक वेळ लागला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ साली आला, कोयनेचा जलाशय भरल्यावर दीड दशकाने. सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत विखुरलेल्या कोयना विस्थापितांची तिसरी पिढी जमिनीच्या कागदांसाठी आंदोलने करताना दिसते, ती त्यामुळेच.

कोळसा पूर्वेला, मागणी पश्चिमेला

पाणी पुरेना तेव्हा राज्य कोळशाकडे वळले. कोळसा विदर्भात; कोराडी सत्तरच्या दशकात आणि चंद्रपूर ऐंशीच्या दशकात सुरू झाले. मागणीचा मोठा भाग मात्र मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात. म्हणजे राज्याच्या एका टोकाला वीज आणि दुसऱ्या टोकाला ग्राहक. हा विजोड सांधण्यासाठी चंद्रपूर ते भिवंडीजवळचे पडघे अशी ७५२ किलोमीटरची, १,५०० मेगावॉट क्षमतेची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ साली सुरू झाली. लांब पल्ल्यावर एकदिश प्रवाहात गळती कमी होते आणि किती वीज वाहायची हे हवे तसे ठरवता येते. राख, धूर आणि खाणींची धूळ चंद्रपूरला राहिली. प्रकाश पडघ्याच्या पुढे गेला. मुळशीचा जुना प्रश्न इथे पुन्हा भेटतो, केवळ अंतर वाढलेले असते.

दाभोळचा अंदाज

१९९२ साली दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. त्या वेळच्या टंचाईकडे बोट दाखवून दोन हजार मेगावॉटचे केंद्र एकदम हवे, असे सांगितले गेले. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा, तोही डॉलरशी बांधलेला, अशी कराराची रचना होती. आपल्या राज्यात तुटवडा मुख्यतः ऐन मागणीच्या काही तासांचा होता. विकत घेतले जात होते ते दिवसरात्र चालवावे असे महागडे केंद्र. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने आकडेमोड करून ही विसंगती तेव्हाच मांडली होती. १९९५ साली करार रद्द झाला, १९९६ साली नव्या रूपात परत आला, १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये तो बंदही पडला.

खरे नुकसान त्यानंतर दिसले. दाभोळच्या भरवशावर आणि मग दाभोळच्या ओझ्याखाली इतर केंद्रांची वाढ थांबली होती. फुगवलेल्या अंदाजातून असा तुटवडा जन्माला आला. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण वगैरे कंपन्या आल्या, तेव्हा खेड्यापाड्यांत बारा-बारा तासांचे भारनियमन चालू होते. पुढे ज्या वाहिनीवर गळती आणि थकबाकी जास्त, तिला अंधार जास्त, असे सूत्र आले. प्रामाणिकपणे बिल भरणारा शेतकरीही शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधारात बसला.

दिवसाची वीज

याच अंधारात एक कामाची गोष्ट घडली. गावातली घरे आणि शिवारातले कृषिपंप एकाच फीडरवर असल्याने पंप बंद करायचे तर घरचा दिवाही जाई. म्हणून गावठाणाची वाहिनी वेगळी काढण्याचे काम सुरू झाले. हेतू टंचाई वाटून घेण्याचा होता. पण त्यामुळे शेतीची मागणी प्रथमच स्वतंत्रपणे मोजता येऊ लागली. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचा पाया हाच. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर पॅनेल बसवायचे आणि ती वीज त्याच परिसरातल्या कृषी वाहिनीला दिवसा द्यायची. २०२३ साली योजनेची दुसरी, मोठी आवृत्ती निघाली.

शहरी वाचकाला दिवस-रात्रीचा हा फरक किरकोळ वाटेल. रात्री दोनला लाइट येते म्हणून बॅटरी घेऊन दारे धरायला निघालेल्या माणसाला तो किरकोळ नाही. साप, विंचू आणि उसातला बिबट्या ही त्याच्या वेळापत्रकातली खरी माणसे-जनावरे आहेत. दिवसा पाणी देता येणे हा त्याच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे.

अर्थात सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर पुन्हा सह्याद्रीतच आहे. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे : वीज मुबलक असते तेव्हा खालचे पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडायचे. ज्या भिऱ्यासाठी मुळशीची गावे बुडाली, तिथेही अशी सोय झाली आहे. घाटमाथ्यावर असे आणखी प्रकल्प आता आखले जात आहेत.

दरम्यान जाळेही पसरले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारत उर्वरित देशाच्या ग्रिडमध्ये आला. देशाचे एक जाळे पुरे झाले ते सोलापुरात. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१२ मध्ये, उत्तर आणि पूर्व भारत अंधारात बुडाला होता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचीही वीज गेली. शहराला स्वतंत्रपणे तगवून धरण्यासाठी आखलेली ‘आयलंडिंग’ची व्यवस्था त्या दिवशी टिकली नाही. जाळे जेवढे मोठे, तेवढा आधार मोठा आणि पडझडही मोठी. म्हणून मोठ्या जाळ्याला लहान, जवळच्या स्रोतांची जोड लागते.

राज्याची कमाल मागणी आज ३० हजार मेगावॉटच्या घरात आहे आणि वाढतेच आहे. वातानुकूलन, विजेवरची वाहने, डेटा सेंटर अशी नवी टोके रोज जोडली जात आहेत. घाटमाथ्यावरची जमीन, माळरानावरचे गायरान आणि मनोऱ्याखालची शेती यांची मागणीही त्याच वेगाने वाढणार. त्या हिशेबात जमीन देणाऱ्याच्या घरातला दिवा, त्याचा पंप आणि त्याचे पुनर्वसन हे पहिल्या पानावर यायला हवे. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली एवढेच मागितले होते.