जड पाण्याची साक्ष

1933 साली बर्कलीत गिल्बर्ट लुईस यांनी तंबाखूचं बी जवळजवळ शुद्ध जड पाण्यात ठेवलं. ते रुजलंच नाही. हॅरल्ड यूरी यांना ड्यूटेरियम सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी असतो तो हाच दुप्पट वजनाचा भाऊ: रसायनाच्या दृष्टीने तसाच, फक्त सुस्त. जड अणूचं बंधातलं कंपन मंद असतं, त्यामुळे त्याची किमान ऊर्जाही कमी, आणि बंध तोडायला त्याला चढ जास्त लागतो. नेहमीच्या तापमानाला एवढ्यानेच अभिक्रियेचा वेग सहा-सात पटींनी घटू शकतो. म्हणून एखादी अभिक्रिया जड पाण्यात रेंगाळली, की तिच्या अवघड टप्प्यावर कुठला तरी हायड्रोजन हलत असावा, असा संशय घेतला जातो. कुठला, ते मात्र जड पाणी सांगत नाही.

ही युक्ती प्रकाशावर चालणाऱ्या पंपाकडे वळली ती सत्तरच्या दशकात. 1971 मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी मिठागरात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या जांभळ्या पटलात डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनसारखं प्रथिन दाखवलं: बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. (लोणारचं पाणी 2020 मध्ये गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने बोट दाखवलं ते अशाच मीठप्रेमी आर्किआंकडे.) प्रकाश पडला की या प्रथिनातला रेटिनल रेणू वळतो आणि सुमारे दहा मिलिसेकंदांच्या फेऱ्यात एक प्रोटॉन पेशीबाहेर ढकलला जातो. फेऱ्यातल्या अवस्थांना के, एल, एम, एन, ओ अशी अक्षरं मिळाली. जो पंप प्रोटॉनच वाहतो, त्याला जड पाण्यात बुडवून पाहायचा मोह कोणाला आवरणार? एल ते एम ही पायरी जड पाण्यात कित्येक पटींनी मंदावली. याच पायरीत रेटिनलला प्रथिनाशी जोडणाऱ्या दुव्यावरचा, म्हणजे शिफ बेसवरचा, प्रोटॉन सुटतो, त्यामुळे हिशेब जुळल्यासारखा वाटला.

याच सुमारास एक ठळक चकवा मात्र पंपाच्या चुलतभावाकडे, डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनमध्ये, लागला. 1977 मध्ये पीटर रेंट्झेपिस आणि सहकाऱ्यांनी अतिशीत तापमानाला मोजमाप केलं. पहिली प्रकाशजन्य अवस्था बनायला ड्यूटेरियममुळे सुमारे सातपट वेळ लागत होता. निष्कर्ष मोठा होता: दृष्टीची सुरुवात प्रोटॉनच्या स्थलांतराने होते. जॉर्ज वॉल्ड यांच्या नोबेलविजेत्या कामानुसार सुरुवात रेटिनलच्या वळण्याने व्हायला हवी. पुढे फेम्टोसेकंदांच्या लेझर स्पंदांनी निकाल वॉल्ड यांच्या बाजूने दिला. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनमध्ये हे वळणं सुमारे 500, तर डोळ्यात 200 फेम्टोसेकंदांत उरकतं. एवढ्या घाईत प्रोटॉनच्या वजनाला फारसं काही करायला वाव नसतो. मला वाटतं, त्या प्रयोगातला सातचा आकडा खोटा नव्हता. त्याच्यावर लादलेला अर्थ त्याला पेलला नाही.

एरवीही जड पाणी साधं नाही. आम्लता मोजणारा काचेचा विद्युतअग्र त्यात पीएचचा आकडा सुमारे 0.4 ने कमी दाखवतो. तो मिळवायला विसरलात, तर दोन वेगळ्याच आम्लतांची तुलना होते. शिवाय कार्बॉक्सिल गट ड्यूटेरियमला पीएचच्या सुमारे अर्ध्या एककाने अधिक घट्ट धरतात. त्यामुळे एखादी पायरी प्रोटॉनच्या उडीमुळे मंदावली की समतोलच सरकला, हे नुसत्या वेगावरून कळत नाही. आणि प्रथिनातले अदलाबदल होऊ शकणारे सगळेच हायड्रोजन एकदम बदलतात, ही डोकेदुखी वेगळीच.

सुटका झाली ती उत्परिवर्तनांमुळे. हरगोविंद खोराना यांच्या गटाने बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनमधलं एकेक अमिनो आम्ल बदलून पाहिलं. शिफ बेसचा प्रोटॉन 85 व्या जागेवरचं ॲस्पार्टिक आम्ल घेतं आणि नवा प्रोटॉन 96 व्या जागेवरचं देतं, हे त्यातून पक्कं झालं. 96 वं काढलं की एम अवस्था ओसरायला खूप उशीर होतो. आता जड पाण्याचे आकडे ठरावीक उड्यांशी ताडून पाहता येऊ लागले. अवरक्त वर्णपटात तर जड पाण्याचा उपयोग वेग मोजण्यापलीकडे गेला: हिदेकी कांदोरी यांच्यासारख्यांनी पंपाच्या आत अडकलेले पाण्याचे रेणू ओळखायला ते वापरलं. प्रोटॉन पंपांमध्ये त्यांतला किमान एक रेणू अतिशय घट्ट हायड्रोजन बंधात आढळतो.

2013 मध्ये कांदोरींच्याच गटाने सागरी जिवाणूतला सोडियम पंप पुढे आणला. तिथे शिफ बेसवरचा प्रोटॉन तात्पुरता 116 व्या ॲस्पार्टिक आम्लावर सरकतो आणि सोडियमला वाट मिळते. हा पंप जड पाण्यात एखाद्या पायरीवर अडखळला, तर तो उशीर सोडियमचा की वाट सोडणाऱ्या प्रोटॉनचा, हे पुन्हा एकेक आम्ल बदलूनच ठरवावं लागेल.